वाणसामानाच्या यादीपासून सुरुवात: सोलापुरातल्या एका स्वयंपाकघराच्या नोंदी, जानेवारी ते मे २०२५

घरात पाच माणसं. आजोबा ७२ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आजी ६८, मधुमेहाची गोळी चालू. मुलगा ४४, सून ४१, नात १५. शाकाहारी घर. उतारवयात हातपाय चालते राहावेत आणि मुलाच्या पिढीला त्याच गोळ्या दहा वर्षं उशिरा लागाव्यात, एवढ्यासाठी हे काम हाती घेतलं. ज्यांना आपल्या घरी असंच करायचं आहे त्यांना आकडे आणि अडचणी आयत्या मिळाव्यात म्हणून या नोंदी.

५ जानेवारी, रविवार

आधी ताट मोजलं नाही, दुकानदाराची वही मोजली. कोण किती खातं हे विचारलं की प्रत्येक जण कमीच सांगतो. वहीत मात्र महिन्याला काय घरात आलं ते लिहिलेलं असतं. मागच्या तीन महिन्यांचा हिशेब असा निघाला:

मीठ: एक किलोची पिशवी १८ ते १९ दिवसांत संपते. म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम, माणशी जवळपास ११. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे, आणि तीही लोणचं, पापड, बेकरी सगळं धरून.

तेल: पंधरा किलोचा डबा ७६ दिवस पुरला. दिवसाला १९७ ग्रॅम, माणशी ३९. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय.

साखर: सणावाराची धरून महिन्याला साडेपाच किलो, माणशी दिवसाला ३६ ग्रॅम.

डाळी-कडधान्यं: महिन्याला पाच किलो, माणशी ३३ ग्रॅम. त्याच मार्गदर्शिकेत ८५.

भाजी: दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम, माणशी १८०. हवी ४००, आणि त्यात बटाटा धरायचा नाही.

एवढ्यावरून कामाचा क्रम ठरला. मीठ, तेल, मग भाजी आणि कडधान्यं. साखरेचा मोठा भाग चहात जातो, तो हळूहळू उतरवता येतो. त्यासाठी वेगळा आठवडा राखला नाही.

८ जानेवारी

साहित्य: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा, ४०० रुपये. दंडाचा पट्टा असलेलं रक्तदाबाचं यंत्र, १,८०० रुपये. अडीच आणि पाच मिलिलिटरचे मापाचे चमचे, ६० रुपये. शिवणाची टेप घरात होतीच. मनगटावर बांधायचं यंत्र स्वस्त मिळतं, पण हात जरा वरखाली झाला तरी त्याचा आकडा हलतो, म्हणून घेतलं नाही. पट्टा घेताना दंडाचा घेर मोजून घ्यावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो.

रक्तदाब मोजायची पद्धत भिंतीवर लिहून लावली. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. आजोबांची सात दिवसांची सरासरी पुढे १४८/८६ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर गेलं की जास्त धरतात.

पायांची ताकद: ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवली. हाताची घडी छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजलं. आजोबा ९, आजी ८. या वयात पुरुषाला १२ आणि बाईला ११ च्या खाली आकडा आला तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. वजनाच्या काट्यापेक्षा हा आकडा घरातल्यांच्या जास्त मनाला लागला, आणि ते बरंच झालं. उतारवयात माणूस एकदा पडला, खुब्याचं हाड मोडलं की सगळं आयुष्य बदलून जातं.

१३ जानेवारी, भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. गाजर, वांगी, घेवडा, पावटा, ओला हरभरा, वर तिळाचा आणि शेंगदाण्याचा कूट. आज माणशी ३०० ग्रॅम भाजी सहज गेली. सणाचं हे एक जेवण जसंच्या तसं आठवड्यातून एकदा करता येईल, तशी यादीत नोंद केली.

बाजरीचं पीठ मात्र आठ दिवसांच्या बेतानंच दळून आणावं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ झालं की ते लवकर खवट होतं आणि भाकरी कडू लागते. उन्हाळ्यात तर चार दिवसांतच.

१९ जानेवारी

मिठाचा पहिला आठवडा वाया गेला. सगळ्या पदार्थांत मीठ एकदम निम्मं केलं होतं. दुसऱ्याच दिवशी "आमटी अळणी झालीय" म्हणून मिठाचं भांडं ताटाशेजारी आलं. वरून घेतलेलं कच्चं मीठ मोजायला ताटाशेजारचं भांडं रोज रात्री काट्यावर ठेवलं, तेव्हा कळलं की पाच जणांत १९ ग्रॅम वरूनच जातंय. एकूण वापर होता तेवढाच राहिला.

नवी रीत अशी. जिथे मीठ नसल्याचं कळत नाही तिथून ते आधी पूर्ण काढलं: भाकरीचं पीठ, पोळीची कणीक, भात, दही, ताक, कापलेली काकडी. भाकरीसोबत आमटी आणि चटणी असतेच, त्यामुळे भाकरीतलं मीठ गेलेलं कोणाच्या लक्षातही आलं नाही. एवढ्यानेच दिवसाला ११ ग्रॅम वाचले. आमटी, भाजी, पिठलं यांत दर पंधरा दिवसांनी फक्त दहावा हिस्सा कमी करायचा. पाच जणांच्या सव्वा लिटर आमटीला १२ ग्रॅम मीठ पडत होतं. ते आजपासून ११. मार्चमध्ये ८ वर यावं. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्याआधी घाई केली की भांडं परत ताटाशेजारी येतं.

भरून काढायला आंबट वाढवलं. आमटीत आमसूल किंवा चिंचेचा कोळ, भाजीवर लिंबू, पिठल्यात हिरवी मिरची आणि लसूण ठेचून. काळा मसाला घरचा असेल तर ठीक; विकतच्या बऱ्याच मसाल्यांत मीठ असतं, पाकिटावर घटक वाचून घ्यावेत.

मापाबद्दल एक. बारीक मिठाचा पाच मिलिलिटरचा सपाट चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. खडे मीठ जाडसर कुटलेलं असेल तर तोच चमचा कमी भरतो. म्हणून घरात एकाच जातीचं मीठ ठेवावं. आणि ते आयोडीनयुक्तच. मीठ कमी करताना सैंधव किंवा साधं खडे मीठ आणलं तर आयोडीन दोन्ही बाजूंनी घटतं, आणि घरात वाढत्या वयाची मुलगी आहे.

२६ जानेवारी

तेल. डब्यातून तेल काढायची पळी काट्यावर ठेवून भरली: एका वेळेला ४५ ग्रॅम. भाजीला एक, आमटीला एक, उसळीला एक, सकाळच्या पोह्यांना एक. बाकी तवा आणि तळण. पळी उचलून माळ्यावर टाकली, तेलाच्या बरणीत पाच मिलिलिटरचा चमचा ठेवला. पाच जणांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन.

लगेच अडलं. रुंद कढईत दोन चमचे तेल पसरून जातं, मोहरी तेलात बुडत नाही, तडतडायच्या आत करपते आणि आमटी कडवट होते. उपाय जुनाच आहे: फोडणीची लोखंडी पळी. तिच्या खोलगट वाटीत दहा मिलिलिटर तेलही मोहरी बुडेल इतकं खोल उभं राहतं. तेल नीट तापवावं, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि गॅस बंद करून मगच हळद-तिखट. मग पळी आमटीत उपडी करायची.

कांदा कढईला लागतो ही दुसरी अडचण. त्यावर झाकण ठेवून झाकणात पाणी. वाफ आत राहते, कांदा स्वतःच्या पाण्यात मऊ होतो. लागायला लागला तर झाकणातलंच गरम पाणी दोन चमचे घालायचं. तेलकट तवंग हवा असेल त्या दिवशी भाजीत दाण्याचा कूट थोडा जास्त घालावा; शेंगदाण्यात वजनाच्या निम्मं तेलच असतं, शिवाय चोवीस-पंचवीस टक्के प्रथिनं. सोलापुरात कूट तसाही सगळ्यात पडतो. इथल्या स्वयंपाकात वरचं तेल कमी करणं म्हणूनच सोपं आहे.

तळण आठवड्याला एकदा, लहान कढईत, उरलेलं तेल दोन दिवसांच्या आत फोडणीला संपेल एवढंच. तळून काळं झालेलं तेल परत परत तापवू नये.

२ फेब्रुवारी

मंगळवारच्या बाजारातून आठवड्याची बारा किलो भाजी एकदम आणली. रविवारपर्यंत चार किलो वाया गेली. मेथी पिवळी, कोथिंबीर काळी, वांग्यांना भोकं. पैसे तर गेलेच, शिवाय निवडायचा वेळ. मेथीच्या एका जुडीला निवडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि खाण्याजोगा पाला जेमतेम निम्मा निघतो.

आता आठवड्यातून दोनदा बाजार. क्रम बांधला: पालेभाजी पहिले दोन दिवस, मुळं कापून, न धुता, किंचित ओल्या फडक्यात. मग गवार, घेवडा, दोडका. शेवटी दुधी, लाल भोपळा, कोबी, गाजर. निवडायचं काम रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून. एकटी सून निवडत होती तोवर पालेभाजी आठवड्यातून एकदाच होत होती. माणसं वाढवली तशी तीनदा होऊ लागली. यापेक्षा मोठा बदल कुठल्याही पाककृतीने झाला नाही.

आजोबांची कवळी आहे. काकडी-गाजराचे तुकडे ते बाजूला काढून ठेवत होते. किसून, दाण्याचा कूट घालून, वर चमचाभर फोडणी दिली की संपतात. वयस्क माणूस कोशिंबीर खात नाही असं दिसलं तर आधी दात बघावेत.

९ फेब्रुवारी

भाकरी. मुलगा, सून आणि नात दोन्ही वेळा पोळी खात. आता दुपारी सगळ्यांना भाकरी. ज्वारी मालदांडी, मंगळवेढ्याची, ५२ रुपये किलो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि सोलापुरात ती मिळवायला लांब जावं लागत नाही. नवी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, अजून यायची आहे.

पहिल्या खेपेच्या भाकऱ्या चिरल्या, काठ फुटले, तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. कारणं दोन निघाली. पीठ तीन आठवड्यांचं होतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ शिळं झालं की विरी, म्हणजे गोळा धरून ठेवायची ताकद, जाते. दुसरं, गिरणीत आधी हरभरा दळलेला होता, त्याचा चुरा मिसळला होता. आता तीन किलोच दळण, आठ-दहा दिवसांचं, सकाळी जाऊन ज्वारीच्याच लोकांच्या मागे नंबर लावून. दळणाचे किलोला ८ रुपये.

एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ. कडकडीत पाणी घालून आधी उलथन्याने कालवायचं, हाताला सोसेल तेव्हा तळव्याच्या गादीने चार मिनिटं मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळावं, गोळा पडून राहिला की परत चिरतो. थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. पाणी सुकू दिलं तर भाकरी फुगत नाही.

आजींना साखरेमुळे "भाकरी कितीही चालते" असं कोणी तरी सांगितलं होतं. चालत नाही. ज्वारीतही पिष्टमय भाग ७० टक्क्यांच्या आसपास आहे. दोन भाकऱ्या, भरपूर उसळ, भाजी, आणि वर भात नाही, असं ठरलं.

१६ फेब्रुवारी

कडधान्यं: हुलगा (कुळीथ), मटकी, चवळी, मसूर, हरभरा आळीपाळीने, तूर आणि मूग डाळ रोजच्या वरणाला. पहिल्याच आठवड्यात आजोबांना पोटात वात धरला, रात्रभर झोप नाही. वाटीभर हुलग्याची उसळ एकदम वाढली गेली होती.

सुधारलेली पद्धत: रात्री भरपूर पाण्यात भिजत घालणं, सकाळी ते पाणी टाकून देणं, नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवणं. हुलग्याला कुकरच्या सहा-सात शिट्ट्या लागतात. हिंग, आलं, ओवा. पहिला आठवडा पाव वाटी, दुसरा अर्धी, मग पूर्ण. या चालीने त्रास राहिला नाही. हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाचं पातळ कढण, आजोबांना रात्री उसळीपेक्षा जास्त मानवतं.

मटकीला मोड: थंडीत फडक्यात बांधून दीड दिवस लागला. मार्चनंतर दहा-बारा तासांत येतील, आणि तेवढ्याच लवकर वासही मारतील. दर सहा तासांनी धुवावी. मोड कच्चे खायचे नाहीत, विशेषतः म्हाताऱ्यांनी आणि लहानांनी. ओल्या उबेत मोडाबरोबर जंतूही वाढतात. पाच मिनिटं वाफवायला काहीच लागत नाही.

प्रथिनांचा हिशेब मांडला. ६० किलो वजनाच्या वयस्क माणसाला दिवसाला ६० ग्रॅम तरी हवीत. ६५ ग्रॅम कडधान्यांतून १५, दोनशे ग्रॅम धान्यातून २०, तीनशे मिलिलिटर दूध-दह्यातून १०, मूठभर शेंगदाण्यांतून ९. बेरीज ५४. कमी पडतात ते दुपारच्या चहाबरोबरच्या फुटाण्यांनी आणि रात्रीच्या वाटीभर दह्याने भरायचे. चहाबरोबर आतापर्यंत खारी आणि टोस्ट होते, ते यादीतून काढले. फुटाणे मात्र बिनमिठाचे.

नातीला लोहाची कमतरता आहे. उसळीवर लिंबू तिच्यासाठी सक्तीचं. चहा जेवणापासून तासभर लांब, कारण चहातले घटक डाळी-भाजीतलं लोह शोषू देत नाहीत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवासाचा दिवस मोजला तर एरवीपेक्षा जड निघतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. त्यावर तूप, तळलेला बटाटा. आजींची दुपारची साखर मागच्या एकादशीला २४० गेली होती. आज भगर आणि दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं एक, राजगिऱ्याचं थालीपीठ, ताक. दोन तासांनंतर साखर १७२. भगर बंद पाकिटातली घ्यावी, निवडून धुवावी. भगरीचं सुटं पीठ आणू नये. ओल धरून त्याला बुरशी येते आणि विषबाधा होते. सैंधव हेही मीठच, मोजूनच. गोळी चालू असलेल्यांनी कडकडीत उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये, साखर अचानक खाली जाऊ शकते.

४ मार्च

कमी सोडियमच्या मिठाचा विचार झाला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारीतच त्याबद्दल सूचना काढली आहे. चीनच्या खेड्यांत वीस हजारांवर लोकांवर केलेल्या चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. फायदा खरा आहे.

तरी या घरात आणलं नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे. हे औषध शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं, त्यात मिठातून आणखी गेलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनाही ते नको, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या सूचनेतूनच वगळलंय. एकाच डब्यातून पाच जण जेवतात तिथे सर्वांत नाजूक माणसाकडे बघून मीठ निवडावं लागतं.

२३ मार्च

वाळवण सुरू. घरातल्या छुप्या मिठाचं मूळ इथे आहे. उडदाच्या पापडाला किलोभर पिठाला ५० ग्रॅम मीठ आणि ३५ ग्रॅम पापडखार पडतो. खारातही सोडियमच. खार कमी केला की पापड फुलत नाही. थोड्या पिठावर करून पाहिलं. मीठ मात्र ३० ग्रॅमवर आणता आलं, चवीत कोणाला फरक कळला नाही. एकूण पापड दोन किलोऐवजी एक किलो केले.

सांडगे, कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या: ओल्या सारणाची चव बघून मीठ घातलं की वाळल्यावर खारट होतात, कारण पाणी उडतं आणि मीठ राहतं. ओलं असताना थोडं अळणी लागेल इतपतच घालायचं. पापड भाजूनच, तळला की त्याच्या वजनाच्या चौथाई-तिहाई तेल पितो.

६ एप्रिल

या कामातली सर्वांत गंभीर नोंद. आजोबांना सकाळी पलंगावरून उठताना अंधारी आली, भिंत धरून बसले. बसून रक्तदाब १२२/७४, उभं राहून एका मिनिटाने ९८/६४. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडला तर तो दोष मानतात. जानेवारीत सरासरी १४८ होती, फेब्रुवारीत १४०, मार्चमध्ये १३३. मीठ उतरलं, ऊन चढलं, घाम वाढला, आणि गोळीतला लघवी वाढवणारा भाग तसाच चालू राहिला. त्याच दिवशी डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी तो भाग, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, बंद करून साधी टेल्मिसार्टन ठेवली. आठवड्याने बसून १३०, उभं राहून १२२.

ज्यांच्या घरी रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी मीठ कमी करायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं, आणि पहिल्या दिवसापासून उभ्याचाही आकडा लिहावा. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, अर्धीही करू नये.

२० एप्रिल

पारा ४२ च्या घरात. चालणं जानेवारीपासून रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीत होतं. जेवल्यावर लगेच चाललं की साखर कमी चढते, आजींच्या मोजणीत ते दरवेळी दिसतं. दुपारच्या जेवणानंतरची चक्कर आता घरातल्या घरात, सोप्यापासून मागच्या दारापर्यंत, दहा मिनिटं. सकाळी सहाला गच्चीवर.

खुर्चीवरून उठाबशा एक दिवसाआड, आठच्या तीन फेऱ्या. आजींचे गुडघे दुखले तेव्हा खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची ४८ सेंटिमीटर केली, दर पंधरा दिवसांनी एक घडी कमी. ओट्याला धरून टाचा उचलणं रोज, भाजी शिजेपर्यंत.

"उन्हात मीठ लागतंच" हा वाद झाला. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला लागतं. मुलगा दुकानात पंख्याखाली बसतो, त्याला नाही. पाणी मात्र सगळ्यांना. उतारवयात तहान कळत नाही, म्हणून दोघांच्या उशाशी एकेक लिटरचा तांब्या सकाळी आणि दुपारी भरून ठेवायचा, संध्याकाळी रिकामा झाला का बघायचं.

४ मे

आजींची मशेरी. चाळीस वर्षांची सवय, दिवसातून चार वेळा. हे काम यादीत शेवटी ठेवलं होतं, खरं तर तंबाखू पहिल्या क्रमांकावर हवा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्या, तोंडाचा कर्करोग, हृदय, सगळ्यांना तोच धोका. मार्चपासून दुपारची आणि रात्रीची सुटली. सकाळची सुटत नाही कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी पक्की सवय आहे. दोन आठवडे रात्री भिजवलेल्या मनुका, उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी आणि तेवढ्याच वेळी शौचाला बसणं, असं केल्यावर पोट सुरळीत झालं, तरी हात डबीकडे जातोच. डोकेदुखी आणि चिडचिड पहिले दहा दिवस जास्त होती. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेल्या १८०० ११ २३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं, तिथून आठवड्याला फोन येतो. आजी त्या फोनची वाट बघतात.

१८ मे

वहीचा दुसरा हिशेब.

मीठ: पिशवी ३१ दिवस पुरली, माणशी साडेसहा ग्रॅम. पाचवर अजून आलेलं नाही.
तेल: दिवसाला १३८ ग्रॅम, माणशी २८.
साखर: महिन्याला तीन किलो.
कडधान्यं: माणशी ६५ ग्रॅम.
भाजी: दिवसाला १७०० ग्रॅम, माणशी ३४०. मे महिन्यात पालेभाजी महागली, जुडी ३० रुपयांवर गेली. शेवगा, काकडी, दोडका आणि वाळवलेला हरभऱ्याचा पाला यांवर भागवलं.

महिन्याचा खर्च: भाजी ९६० रुपयांनी वाढली, कडधान्यं ५५० ने. तेलात ३२० वाचले, साखरेत ११०, खारी-टोस्ट-फरसाणात ७००. एकूण ३८० रुपये जास्त. वेळ: रोज पाऊण तास जास्त लागतो, बहुतेक निवडण्यात आणि भाकरीत.

खुर्ची: आजोबा १२, आजी ११. मुलाच्या कमरेचा घेर ९८ वरून ९५; पुरुषाला ९० च्या आत हवा. त्याचं रात्रीचं जेवण दुकान बंद झाल्यावर साडेनऊलाच होतं, ते आठवर आणणं जमलं नाही. त्याऐवजी त्याला सातला दुकानात एक भाकरी आणि उसळ डब्यात जाते, घरी आल्यावर फक्त ताक आणि भाजी. झोप अकराच्या आत लागते आहे.

२५ मे

कैरीचं लोणचं. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ. यात कपात करू नये, कमी मिठाचं लोणचं बुरशी धरतं. कपात वाढण्यात: लोणच्याचा चमचा काढून टाकला, बरणीत मोहरीच्या डब्यातला छोटा चमचा ठेवला. माणशी एक फोड, दिवसातून एकदा. बाकी दिवसांना ताजा तक्कू: किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट, चिमूटभर मीठ, वर फोडणी, फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो.

जूनच्या यादीत दोन बदल. पावसाळ्यात पीठ ओल धरतं, म्हणून दळण दोन किलोचंच. आणि मीठ एक पिशवी, पुढची ३० जूनच्या आधी आणायची नाही.